न काढलेलं कर्ज, फुटलेला आधार : मिरज-सांगली प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

कामाचं स्वरूप आधी लिहून ठेवतो. मामांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे, वय ६३. नव्या प्लॉटच्या मांडवासाठी बँकेकडे चार लाखांचं कर्ज मागितलं होतं. बँकेनं फाईल बाजूला ठेवली, कारण सिबिलवर एक थकीत कर्ज दिसतंय: १८,५०० रुपये, एका मोबाईल ॲपवरून कर्ज देणाऱ्या कंपनीचं, तारीख २ मे. मामांना ते ॲप कशाशी खातात तेही माहीत नाही. त्यांचं एकच वाक्य, "आरं, मी काढलंच न्हाई तर फेडू कुणाचं?"

मी विश्रामबागला रिटर्न भरण्याचं काम करतो, त्यामुळे हे खातं आपोआप माझ्याकडे आलं. कुणाला पुढे असंच करावं लागलं तर उपयोग व्हावा म्हणून तारखेनिशी लिहितोय.

१० जून

भरपाईचा विचार आज नाही. आधी गळती थांबवायची. दिवसभरात केलेली कामं:

चारही क्रेडिट कंपन्यांचे (कुणी किती कर्ज घेतलं-फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या) अहवाल काढले: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तरी संकेतस्थळावर पैसे भरायचं बटण मोठं आणि फुकटाचं बारीक असतं. खोटं कर्ज दोघींकडे नोंदलेलं, दोघींकडे नाही. फक्त सिबिल बघून थांबलो असतो तर दुसरी नोंद तशीच राहिली असती.

आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. आधार कुठे कुठे वापरला गेला याचा गेल्या सहा महिन्यांचा इतिहास उतरवून घेतला. गंमत म्हणजे २ मेच्या आसपास त्यात काहीच नाही. म्हणजे कर्ज देताना आधारचा ओटीपी वापरलेलाच नाही, नुसत्या कागदावर काम भागवलंय. हा कागद पुढे लागणार, म्हणून छापून ठेवला.

संचार साथी या दूरसंचार खात्याच्या संकेतस्थळावर मामांच्या नावावरचे मोबाईल नंबर पाहिले. एक अनोळखी निघाला. 'हा माझा नंबर नाही' असं तिथेच कळवलं.

१९३० वर फोन करून राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. मामांच्या खात्यातून पैसे गेलेले नाहीत, त्यामुळे गोठवण्यासारखं काही नव्हतं. तरी तक्रारीचा नंबर हवाच. पुढे प्रत्येक जण पहिल्यांदा तोच मागतो.

१२ जून

दोन्ही क्रेडिट कंपन्यांकडे आणि कर्ज कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे हरकत पाठवली.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेचं २६ ऑक्टोबर २०२३ चं परिपत्रक आहे, २६ एप्रिल २०२४ पासून लागू. चुकीची क्रेडिट नोंद ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. त्या तिसांतले २१ दिवस कर्ज देणाऱ्या कंपनीला, उरलेले क्रेडिट कंपनीला. ज्याच्यामुळे उशीर, त्यानं पैसे द्यायचे. ही भरपाई मिळवायला वकील लागत नाही, काही सिद्ध करावं लागत नाही. फक्त तक्रार करतानाच बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो. मी तो तक्रारीच्या मजकुरातच टाकला.

कर्ज कंपनीला लिहिलेलं पत्र दोन ओळींचं: कर्ज आमचं असेल तर ज्या कागदांवर दिलं ते दाखवा. नसेल तर नोंद काढा.

२५ जून

काही नाही. म्हणजे उत्तरं येतात, पण तीच ती. 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.'

मामांनी औषध-फवारणीसाठी गावातून एक लाख हातउसने घेतले, महिना दोन टक्क्यांनी. मी म्हटलं, मामा, चिठ्ठी तरी करून घ्या. ते म्हणाले, "चिठ्ठी मागितली तर पैसे मिळत्यात व्हय?"

१४ जुलै

तीस दिवस संपले. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. कर्ज कंपनीकडे आधी लेखी तक्रार, मग तीस दिवस वाट, हा क्रम पाळला नाही तर अर्ज तिथल्या तिथे परत येतो. १२ जूनच्या ईमेलची प्रत जोडली. १४४४८ वर फोन लावला तर मराठीत माहिती मिळते.

२४ जुलै

लोकपालाकडे गेल्याचा परिणाम असावा. कर्ज कंपनीनं कर्जाच्या फाईलची पीडीएफ पाठवली. फोटो दुसऱ्याच माणसाचा, पगाराची स्लिप पुण्यातल्या कुठल्याशा कारखान्याची. आणि आधारची झेरॉक्स.

त्या झेरॉक्सवर तिरकं, निळ्या पेनानं, मामांच्या अक्षरात लिहिलेलं: 'फक्त तपासणीच्या सवलतीसाठी. १७/२/२५' आणि खाली सही.

मामांना ही सवय सोसायटीच्या जुन्या सचिवांनी लावली. झेरॉक्स देताना कशासाठी आणि कधी ते आडवं लिहायचं. आम्ही सगळे हसायचो. आज पूर्ण प्रकरण त्या एका ओळीवर उभं आहे. भामट्यानं ती ओळ पुसायचेही कष्ट घेतले नाहीत आणि कर्ज कंपनीत कुणी ती वाचली नाही.

१७ फेब्रुवारीला मामा मिरजेत एका तपासणी केंद्रात गेले होते. हृदयाच्या तपासण्यांचं पॅकेज, ६,८०० रुपये, यूपीआयनं दिलेले. ज्येष्ठ नागरिकांची सवलत हवी म्हणून आधार आणि पॅन दोन्हींची झेरॉक्स घेतली. वयासाठी पॅन कशाला, हे कुणी विचारलं नाही. केंद्र एका मोठ्या कंपनीची शाखा आहे, मुख्य कचेरी पुण्यात. नाव इथे लिहीत नाही.

२८ जुलै

मामांचा फोन घेऊन बसलो. तपासणी केंद्राचा २१ एप्रिलचा मेसेज सापडला: 'तांत्रिक सुधारणेमुळे कृपया आपल्या खात्याचा पासवर्ड बदलावा.' बस, एवढंच. मामांनी पासवर्ड कधी ठेवलाच नव्हता, त्यामुळे त्यांनी तो वाचून सोडून दिला.

आता तारखा ओळीनं लागतात. १७ फेब्रुवारीला कागद दिला, २१ एप्रिलला मेसेज, २ मेला कर्ज, जूनमध्ये बँकेचा नकार. ही ओळ नसेल तर भरपाईचा विषय काढूच नये. गेल्या दहा वर्षांत आपण आधारची झेरॉक्स सिमकार्डवाल्यापासून लॉजपर्यंत सगळ्यांना वाटली आहे. समोरचा पहिलं वाक्य हेच बोलणार, की आमच्याकडूनच फुटली कशावरून?

माझा भाऊ अभियांत्रिकीला आहे. त्याच्या लक्षात आलं की रिपोर्टच्या लिंकच्या शेवटी नुसता आकडा आहे. म्हणाला, आकडा एकानं वाढवला तर दुसऱ्या पेशंटचा रिपोर्ट उघडतो का बघू, मग पुरावाच मिळेल. हात धरून थांबवलं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या माहितीत शिरलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६ आपल्यावरच लागतं. तक्रारदाराचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही. लिंक जशी आली तशी नोंदवून ठेवली. सर्व्हरच्या नोंदी केंद्रानं दाखवाव्यात अशी मागणी करता येते, त्या मिळवायला आपण खिडकीतून चढायची गरज नाही.

५ ऑगस्ट

तपासणी केंद्राच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र पाठवलं, ईमेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्ही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमून त्याचं नाव संकेतस्थळावर टाकावं लागतं आणि त्यानं महिन्याच्या आत तक्रार मिटवायची असते. यांच्या संकेतस्थळावर नाव होतं, ईमेल परत आला. पोस्टाची पोच मात्र मिळाली. हल्ली पोस्टाला हसतात, पण पोचपावतीचं कार्ड कुठल्याही ईमेलपेक्षा वजनदार आहे.

पत्रात चार प्रश्न विचारले: आमची कोणती माहिती फुटली, कधी, तुम्हाला कधी कळलं, आणि सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) कळवलं का? असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं, असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे.

१८ ऑगस्ट

आज कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. सांगलीतले सगळे वकील तिकडे. ज्यांच्याकडे सल्ल्याला जाणार होतो तेही गेले. बाकीचं गाव आयर्विन पुलाजवळचं पाणी बघण्यात.

२२ ऑगस्ट

वकील भेटले. दोन रस्ते त्यांनी कागदावर मांडून दिले.

पहिला, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-अ. संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीनं हयगय केली आणि त्यामुळे नुकसान झालं तर भरपाई. पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांवर निर्णय देणारा अधिकारी म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिव. बसतात मंत्रालयात. हा रस्ता काही पोकळ नाही. २०१३ मध्ये याच अधिकाऱ्यानं पुण्याच्या एका उद्योगाला पंजाब नॅशनल बँकेकडून ४५ लाख द्यायला लावले होते. पण तिथे दाव्याच्या रकमेवर फी आहे. एक लाखाच्या वरच्या दाव्याला पाच हजार आणि वरच्या रकमेवर दोन टक्के. आमच्या हिशेबानं पावणेसहा हजारांच्या घरात. शिवाय दर तारखेला मुंबई. नियमात चार ते सहा महिन्यांत निकाल असं आहे, 'शक्यतो' या शब्दासकट.

आणखी एक मेख. 'संवेदनशील' कशाला म्हणायचं याची यादी २०११ च्या नियमांत आहे: पासवर्ड, बँक आणि कार्डाचा तपशील, आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी, बायोमेट्रिक वगैरे. आधार क्रमांक किंवा पॅन त्या यादीत नावानिशी नाही! वैद्यकीय रिपोर्ट आहेत. म्हणजे आमचं नुकसान झालं आधारच्या कागदामुळे आणि कायदा बोट ठेवतो रिपोर्टवर.

दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे सांगलीत. फी दाव्यावर नसून दिलेल्या मोबदल्यावर, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शून्य. आमचा मोबदला ६,८००. मुदत दोन वर्षं.

वकिलांचं मत पहिल्या रस्त्याकडे झुकत होतं, कारण 'कायदा नेमका तोच आहे'. मी दुसरा धरला. कारण शुद्ध हिशेबी: दाव्यातल्या ज्या रकमेला कागद आहे ती एसटीच्या तिकिटांत जायला नको.

२९ ऑगस्ट

गणपतीच्या गडबडीत एक चांगली बातमी. दोन्ही क्रेडिट कंपन्यांकडची खोटी नोंद निघाली. १२ जुलैपर्यंत तीस दिवस, १३ जुलैपासून आजपर्यंत ४८ दिवस, म्हणजे ४,८०० रुपये. पाच कामकाजी दिवसांत खात्यात यायला हवेत.

८ सप्टेंबर

४,८०० अजून नाहीत. परिपत्रकाचा क्रमांक टाकून कर्ज कंपनीला ईमेल केला.

तपासणी केंद्राचा महिना ५ तारखेला संपला. उत्तर दोन ओळींचं: आमची यंत्रणा सुरक्षित आहे, आपला आरोप निराधार आहे. चारपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नाही.

आज ई-जागृतीवर, म्हणजे ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर, तक्रार भरली. मराठीतच लिहिली. तक्रारदार मामा, मी त्यांचा अधिकारपत्र दिलेला प्रतिनिधी. तक्रार कुणाविरुद्ध हे ठरवण्यात अर्धा दिवस गेला. कर्ज कंपनीलाही ओढावं असं मामांचं म्हणणं, राग तिच्यावरच जास्त. पण आपण तिचे ग्राहकच नाही, आपलं म्हणणंच ते आहे. तिला घेतलं असतं तर पहिल्याच तारखेला फाटा फुटला असता. तपासणी कंपनीची पुण्याची कचेरी आणि मिरजेची शाखा, दोघेच ठेवले.

कलमाचा गुंता असा. ग्राहकानं विश्वासानं दिलेली माहिती दुसऱ्याला उघड करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं कायद्यात स्पष्ट आहे, कलम २(४७). पण केंद्र म्हणणार, आम्ही कुठे दिली, चोरीला गेली. म्हणून मुख्य भर सेवेतल्या त्रुटीवर, कलम २(११). त्यात दोन भाग आहेत. निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान हा एक. ग्राहकाला सांगायला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवणं हा दुसरा. तो दुसरा भाग मी तक्रारीत शेवटी, जोडीला म्हणून टाकला होता.

मागणी मांडताना जास्त वेळ गेला. सावकारी व्याज पहिल्यांदा लिहिलं आणि खोडलं. ज्यांनी पैसे दिले ते लिहून द्यायला तयार नाहीत. परवान्याशिवाय व्याजानं पैसे देणं २०१४ च्या सावकारी कायद्यात गुन्हा आहे, ते कशाला सही करतील? चार महिन्यांचे आठ हजार असे जाणार. मांडवाच्या सामानाचं मात्र जमलं. मिरज एमआयडीसीतल्या दुकानदाराचं जूनचं कोटेशन १,८६,००० चं होतं, त्याच मापाचं आत्ताचं २,०७,०००. बँकेनं नकाराचं कारण लेखी दिलेलं आहे. फरक २१,०००, दोन्ही कोटेशनवर जीएसटी नंबर आणि शिक्का.

तर एकूण: २१,००० सामानाचे, ५,६०० प्रत्यक्ष खर्चाचे (झालेला आणि पुढे येणारा धरून), एक लाख मानसिक त्रासाचे, दहा हजार तक्रारीच्या खर्चाचे. १,३६,६००. शिवाय काय फुटलं ते लेखी सांगावं आणि सर्व्हरच्या नोंदी हजर कराव्यात.

१५ सप्टेंबर

तक्रारीवर हरकत निघाली. मेसेजच्या स्क्रीनशॉटबरोबर प्रमाणपत्र आहे, पण अर्धंच.

जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-बीच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलंय. त्याच्या नमुन्याचे दोन भाग आहेत. भाग अ ज्याचा फोन त्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. आणि दोन्हीत फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची, म्हणजे फाईलवरून काढलेला, तिच्यात जरा बदल झाला तरी बदलणारा संकेतांक. मी जुन्या सवयीनं एकाच सहीचं दिलं होतं. ग्राहक आयोग पुराव्याचा कायदा तंतोतंत लावत नाही असं म्हणतात, पण त्यावर वाद घालण्यापेक्षा कागद पूर्ण करणं स्वस्त.

तज्ज्ञ शोधताना दमछाक झाली. मोबाईल दुरुस्तीवाले सही करायला तयार, पण त्यांची सही टिकणार नाही. शेवटी संगणक विषयाचे एक निवृत्त प्राध्यापक मिळाले. त्यांनी मामांचा फोन समोर ठेवून मेसेज उघडला, फाईल काढली, एसएचए-२५६ हॅश काढून नमुन्यात लिहिली, ३,५०० घेतले. त्यांनी एक बरं सांगितलं: व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवलेला फोटो वापरू नका, तो लहान होतो आणि हॅश बदलते. केबलनं उतरवा. आणि फोन बदलू नका. मामांच्या मुलानं दिवाळीला नवा फोन घ्यायचं ठरवलं होतं, ते रद्द. जुना फोन आता कपाटात, चार्जरसकट.

२९ सप्टेंबर

तक्रार दाखल करून घेतली. नोटिसा निघाल्या.

९ ऑक्टोबर

पुण्याला नोटीस पोचली, ट्रॅकिंगवर दिसली, पान छापून ठेवलं. इथून ३० दिवस आणि फार तर आणखी १५. या ४५ दिवसांच्या पलीकडे म्हणणं घेता येत नाही असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०२० मध्ये सांगितलंय.

४,८०० आले. तीन ईमेलनंतर, शेवटच्यात पुन्हा लोकपालाचं नाव टाकल्यावर.

३ नोव्हेंबर

बँकेनं कर्ज मंजूर केलं. फळछाटणी उरकली, मांडवाचं सामान आता येईल, महागाच्या भावानं. मामा खूश. म्हणाले, आता केस कशाला, सोडून दे. मी म्हटलं, तारीख फक्त एकदा बघू.

१५ नोव्हेंबर

काल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नवे नियम जाहीर झाले. २०२३ च्या कायद्याचे. सकाळपासून तीन फोन: "आता तुम्हाला कोटींत मिळणार की ओ!"

नाही मिळणार. अडीचशे कोटींपर्यंतचा दंड खरा आहे, पण तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. कलम ३४. ज्याची माहिती फुटली त्याच्या हातात त्यातला रुपया येत नाही, आणि या कायद्यात भरपाईची तरतूदच नाही. उलट कलम ४३-अ या कायद्यानं काढून टाकलं जाणार आहे. अठरा महिन्यांनंतर, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात. तोपर्यंत तो मंत्रालयाचा रस्ता उघडा आहे. ज्यांचं नुकसान लाखांत आहे त्यांनी तो आत्ता विचारात घ्यावा.

एक गोष्ट मात्र चांगली. नवे नियम पूर्ण लागू झाले की माहिती फुटल्यावर ज्याची त्याला कळवणं कंपनीला बंधनकारक होईल: काय फुटलं, काय परिणाम होऊ शकतो, काय काळजी घ्यावी. 'तांत्रिक सुधारणेमुळे पासवर्ड बदला' एवढ्यावर भागणार नाही.

२० नोव्हेंबर

केंद्राचं लेखी म्हणणं आलं, मुदत संपायच्या तीन दिवस आधी. चाळीस पानं, बहुतेक छापील साचा. तक्रारदार ग्राहक नाही, प्रकरण गुंतागुंतीचं आहे म्हणून दिवाणी कोर्टात जावं, आधार कुठूनही फुटलं असेल, वगैरे.

आणि एकोणिसाव्या पानावर हे: रिपोर्ट आणि कागद साठवण्याचं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं आहे, त्या कंपनीनं '१८ एप्रिल २०२५ रोजी' अनधिकृत प्रवेशाबद्दल कळवलं, सबब दोष आमचा नाही.

चहा थंड झाला. दोष दुसऱ्यावर ढकलायच्या नादात त्यांनी तारीख देऊन टाकली. १८ एप्रिलला यांना माहीत होतं. २१ ला मेसेज गेला, त्यात चोरीचा उल्लेख नाही. २ मेला कर्ज. मधल्या चौदा दिवसांत आधारची प्रत बाहेर गेलीय एवढं सांगितलं असतं तरी आम्ही सावध झालो असतो, पोलिसांत आणि क्रेडिट कंपन्यांकडे आधीच लेखी देऊन ठेवलं असतं. चोरी कशी झाली, आकडा वाढवून की कशी, हे सिद्ध करायची गरजच उरली नाही. शेपटाला जोडलेलं ते 'माहिती दडवणं' आता पहिल्या पानावर.

प्रत्युत्तर लिहिलं ते दीड पानाचं. तारखांचा तक्ता, प्रत्येक तारखेसमोर त्यांच्याच किंवा आमच्या कागदाचा पान क्रमांक. वकिलांनी फुकट वाचून दिलं आणि दोन विशेषणं काढायला लावली.

८ डिसेंबर

आयोगातल्या तारखेला मिरजेच्या शाखेचे व्यवस्थापक स्वतः आले होते. पुण्याच्या वकिलांनीच मध्यस्थीची भाषा काढली. कायद्यात सोय आहे, दोन्ही बाजूंनी लेखी संमती द्यायची. दिली. मध्यस्थीत काही जमलं नाही तर प्रकरण आहे तिथून पुढे चालतं, तिथे बोललेलं विरुद्ध वापरता येत नाही. गमवायला काही नव्हतं.

१९ जानेवारी २०२६

पहिली बैठक. त्यांचा प्रस्ताव: पंचवीस हजार, आणि एक वर्ष तपासण्या फुकट. मामा म्हणाले, "माझं रगात काढून मलाच भरपाई?" मध्यस्थसुद्धा हसले.

मी २१,००० आणि ५,६०० या दोन आकड्यांवर ठाम राहिलो, त्यांच्या पावत्या टेबलावर ठेवल्या. बाकीचा आकडा बोलणीचा आहे हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. पण काय फुटलं ते लेखी हवंच, हे सांगितलं. पैशापेक्षा तेच त्यांना जड जात होतं. त्यांचे वकील दोनदा बाहेर जाऊन फोन करून आले.

२ फेब्रुवारी

समझोता झाला. सत्तर हजार, तीस दिवसांत, मामांच्या खात्यात. कंपनीच्या लेटरहेडवर पत्र: कोणते कागद त्या साठ्यात होते (आधार, पॅन, दोन रिपोर्ट, मोबाईल नंबर), आणि आता कोणते पुसले. चूक मान्य केल्याचं वाक्य नाही, ते त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही. 'तक्रारदाराविरुद्ध काही म्हणणं नाही' आणि 'पुढे दावा नाही' ही कलमं आली. त्यातलं दुसरं 'या घटनेपुरतं आणि आजपर्यंतच्या नुकसानीपुरतं' असं मर्यादित करून घेतलं. हे शब्द घालायला पंधरा मिनिटं वाद झाला. पण तीच प्रत वापरून उद्या कुणी दुसरं कर्ज काढलं तर दार बंद व्हायला नको. तुम्ही सही करणार असाल तर ही ओळ दोनदा वाचा.

आयोगानं समझोता नोंदवून तक्रार निकाली काढली.

२७ फेब्रुवारी

सत्तर हजार जमा.

खर्च: तज्ज्ञ ३,५००, नोटरी आणि प्रतिज्ञापत्रं ९००, झेरॉक्स आणि बायंडिंग ८२०, पोस्ट ३८०. हे तेवढेच ५,६००. प्रवास आणि वकिलांच्या दोन भेटी वेगळ्या, त्या दाव्यात धरल्या नव्हत्या. सावकारी व्याजाचे आठ हजार गेले ते गेले. माझं काम बंद राहिलं त्याचा हिशेब मामांनी द्राक्षाच्या पेट्यांत करायचा म्हणून सांगितलंय.

कर्ज कंपनीविरुद्धची पोलीस तक्रार चालू आहे, तपास अधिकाऱ्यांनी फाईलमधल्या फोटोवरून विचारणा केलीय. संचार साथीवर कळवलेला नंबर बंद झाला. बायोमेट्रिक लॉकच आहे, रेशनला अंगठा लावायच्या वेळी मामांचा मुलगा उघडतो आणि परत लावतो. क्रेडिट अहवाल दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा काढायचा, म्हणजे चार फुकट अहवालांत वर्ष निघतं. मार्चमध्ये इक्विफॅक्सचा.

तक्रारीचा मराठी नमुना, तारखांचा तक्ता आणि कलम ६३ च्या प्रमाणपत्राचे दोन्ही भाग नावं काढून ठेवले आहेत. विश्रामबागला येऊन घेऊन जा, झेरॉक्सचे पैसे तेवढे द्या.